मसाजीची पहिली हूल

पुसेगावच्या बाजारात मसाजीच्या तोंडावरून कुणाला काही कळलंय, असं आजवर झालं नाही. शेळ्यामेंढ्यांचा दलाल माणूस. एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा आणि मधे मसाजी, खांद्यावरचं उपरणं हातावर टाकून उभा. त्या उपरण्याखाली हातात हात जायचे. बोटं धरली जायची, दाबली जायची, सोडली जायची. धरलेली बोटं म्हणजे आकडा. वरती तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. भोवती गर्दी डोळे फाडून बघत असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आणि एक नेम सगळे पाळायचे. तोंडानं काय वाटेल ते बोला, उपरण्याखाली खोटं बोलायचं नाही. दाबलेलं बोट म्हणजे दिलेला शब्द. त्याच्याकडून माल घेणारा जुना व्यापारी कादरभाई तर सगळ्यांना सांगायचा, "मसाजीचं तोंड म्हंजे फत्तर, आन् बोट म्हंजे स्टँपपेपर."

तर असल्या या फत्तराच्या पोटात पंचमीपासून गोळा आला होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

गोळ्याला कारण त्याची लेक, रागिणी. पंचमीला माहेरी आली होती. लग्नाला फार काळ लोटला नव्हता. नर्सिंग शिकलेली पोरगी, हिंगोलीला होस्टेलात राहून शिकली, दवाखान्यात नोकरीला लागली, आणि लग्न झाल्यावर नांदेडला जाऊन घरी बसली. जावई हनुमान स्वतः गाडीनं सोडून गेला. जाताना सासूच्या पाया पडला आणि म्हणाला, "सोमवारी न्यायला येतो." दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं गोड. गावातल्या बायांनी तर चांगुणाबाईला म्हणून दाखवलं, तुमच्या जावयासारखा जावई दिवा घेऊन हुडकला तरी मिळायचा नाही. चांगुणाबाई म्हणजे मसाजीची बायको. ती त्या दिवसापासून जमिनीवरून चालायचीच बंद झाली.

पण मसाजीला आपलं काहीतरी खुपत होतं. पोरीजवळ फोन नव्हता. "दुरुस्तीला टाकलाय," म्हणाली. जावयाचा फोन मसाजीच्या फोनवर यायचा. सकाळी यायचा, दुपारी यायचा, सांजच्याला यायचा. रागिणी तो घेऊन दाराशी जायची. "व्हय. घरीच हाय. व्हय. कुठंच न्हाई." झालं, एवढंच. चांगुणाबाई कौतुकानं म्हणायची, "बघा, किती जीव हाय जावयाचा!" मसाजी 'हूं' म्हणायचा. जीव असलेला माणूस जेवली का विचारतो, आंबट खाऊ नको म्हणतो, काहीतरी बोलतो. हा नुसता हजेरी घेतोय, असं त्याला वाटायचं. मग स्वतःलाच शिव्या घालायचा, की मसाजी, तुला धंद्यानं संशयी केलंय.

एकदा धीर करून त्यानं विचारलं. "बाई, बरं चाललंय न्हवं समदं?"

"लई बरं, आबा. काहून इचारता?" असं म्हणून ती हसली. हसणं झकास होतं. मसाजीच्याच पोटची होती, तोंडावर कशाला काही दिसतंय!

त्या दुपारी कादरभाई मेंढरं बघायला आला आणि भुरभुर पावसानं ओसरीत अडकला. मेंढरं वाड्यात कोंडलेली, करायला काम नाही. रागिणीनं भिंतीतल्या कोनाड्यातून पत्त्यांचा जुना कॅट काढला.

"चाचा, पोकर खेळता का? होस्टेलात आमी पोरी खेळायचो."

"जुगार हाय का पोरी? पैसा लावून खेळायचं आसल तर मी न्हाई. हराम हाय ते."

"चिंचोके लावू."

चिंचोक्यांना कादरची काही हरकत नव्हती. हरकत होती ती चांगुणाबाईची. "श्रावणात पत्ते! आन् तेबी माज्या ओसरीत!" म्हणत ती डबा घेऊन आली, तिघांपुढं मुठीमुठीनं चिंचोके ओतले, आणि कुरकुरत तिथंच उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसली.

रागिणीनं शिकवायला घेतलं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते कुणाला दाखवायचे नाहीत. मधे पाच पत्ते, ते सगळ्यांचे. पण एकदम नाही उघडायचे. आधी तीन, मग एक, मग शेवटचा. दर वेळी आपापला अंदाज घेऊन चिंचोके लावायचे. कुणी वाढवले तर दुसऱ्यानं बराबरी करायची, नाहीतर पत्ते टाकून गप बसायचं. शेवटी हातातले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, त्याचा डाव.

"जोडी म्हंजे बरं. दोन जोड्या त्याच्याहून बऱ्या. तीन सारखे त्याच्याबी वर. मंग ओळीनं पाच. मंग एका रंगाचे पाच."

"आन् समदी बदामंच आली तर?"

"तेच तर, आबा. एका रंगाचे पाच."

"मंग तसं सांग की."

कादरला एका डावात दुर्री ते छक्की ओळीनं लागले, तरी त्यानं पत्ते टाकून दिले. का, तर म्हणे सगळे हलके आहेत, यांना कोण विचारतो. रागिणी पोट धरून हसली. पंचमीला आल्यापासून हे पहिलं खरं हसू. मसाजीला तेवढ्यावरच डाव जिंकल्यासारखं झालं.

डाव मात्र तो एकही जिंकत नव्हता. तोंडावरची माशी हलत नव्हती, तरी पोरगी त्याला दर वेळी बराबर ओळखत होती. त्याच्याकडं चांगले पत्ते आले की ती आपले टाकून मोकळी. त्याच्याकडं काही नसलं की ती चिंचोके वाढवायची आणि तो निमूट पत्ते टाकायचा. ढीग तिच्यापुढं वाढत चालला.

"च्यायला, हिला कळतंय कसं?" त्यानं वैतागून कादरला विचारलं.

कादरही कफल्लक झाला होता. "कुनास ठाऊक. जादू करून राहिली."

"जादू कशाची," रागिणी म्हणाली. "आबा, तुमी तोंड बंद ठेवता आन् हातानं समदं सांगता. जोडी आली की तुमी दोन चिंचोके लावता. तीन सारखे आले की मूठभर. काय नसलं तर काय लावतच न्हाई. चाचाबी तसलेच. तुमी दोघं इथंबी मेंढराचा भाव करून राहिलात. जेवढा माल, तेवढंच बोट."

दोघं म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. खरंच की. माल नसताना बोट दाबायचं, हे त्यांच्या हाताला जमतच नव्हतं.

"मंग काय हातानं खोटं बोलायचं?" मसाजी म्हणाला. त्याला ते ऐकूनच कसंतरी झालं.

"इथं बोलायचं असतंय. हातात काय नसताना असं लावायचं, की समोरच्याला वाटलं पायजे, याच्याकडं एक्के हायत. हूल द्यायची. आन् समोरचा हूल देतोय का ते बघायचं. पत्ते बघत बसू नका आबा, माणूस बघा. खोटं बोलणाऱ्याचं काहीतरी बदलतंयच. कुणी जास्ती बोलतंय, कुणी नाक खाजवतंय. तेवढं धरायचं."

हूल काही मसाजीला जमली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या दुपारीही नाही. कादर मात्र आता मेंढरांचं निमित्तही न करता पत्त्यांसाठी येऊन बसायचा. मसाजीनं एकदा फुसक्या पत्त्यांवर मूठभर चिंचोके ढकलून बघितले, तर त्याचा हात असा कापला की चांगुणाबाईनं उंबऱ्यावरून विचारलं, "अवो, थंडी वाजून राहिली का?"

पण दुसरी गोष्ट जमली. माणूस बघणं. सगळा जन्म त्यानं दुसरं काय केलं होतं? तो पोरीकडं बघायला लागला, आणि त्याला दिसलं. हातात काही नसलं की रागिणी खुलायची. जरा जास्तच बोलायची. आणि बोलता बोलता पुढ्यातले चिंचोके नखानं सरकवत सरळ ओळीत लावायची. खरे पत्ते असले की ढीग तसाच पडलेला.

एका डावात तिच्या चिंचोक्यांची ओळ लागली आणि मसाजीनं होते नव्हते ते चिंचोके पुढं सारले. "दाव."

तिनं पत्ते उघडले. दुर्री आणि सत्ती. मधल्या पाचातल्या कशालाच न जुळणारी. "अगं बया! आबा, कशावरून वळखलं?"

"तसंच," मसाजी म्हणाला. खूण सांगून कोण गमावतंय! कादरनं पाठीवर थाप मारली. मसाजी चक्क लाजला.

हा आनंद सांजच्या जेवणापर्यंतच टिकला. चांगुणाबाईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "जावईबापू नेतेत का गं कुठं फिरायला?"

"नेतेत की! घाटावर नेतेत, बागंत नेतेत. परवा तर शिनेमाला जाऊन आलो. त्यांला तर घरात बसवतच न्हाई," रागिणी खुलून सांगत सुटली. आणि तिचं नख ताटातल्या शेंगदाण्यांना एकामागं एक सरकवत होतं. सरळ ओळ.

मसाजीनं हातातली भाकरी ताटात ठेवली. देवा, त्यानं मनात म्हटलं, मी तो खेळ शिकलोच नसतो तर बरं झालं असतं.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. दार, उदाहरणार्थ. वारा सुटला की चांगुणाबाई उठून दाराला कडी घालायची. थोड्या वेळानं रागिणी उठून कडी काढायची. "कोंदट व्हतंय, माय." पुन्हा चांगुणाबाई कडी घालायची, पुन्हा ही काढायची. "पोरगी नांदेडला जाऊन शहाणी झाली, हिला हवा लागती," चांगुणाबाई बडबडायची. मसाजी बघत होता. पोरगी बसतानाही अशी बसायची, की तोंड दाराकडं पाहिजे.

रविवारी डाव मांडलेला असताना वाऱ्यानं ओसरीचं दार धाडकन लागलं. वारं म्हटल्यावर दार लागणारच, त्यात काय! पण रागिणीच्या हातातले पत्ते खाली पडले. ती उठली, दाराशी गेली, दार ओढून उघडलं आणि फळीला धरून उभी राहिली. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मग वळून हसली आणि म्हणाली, "चला, पत्ते कुणी वाटायचे?"

कादरनं खाली पडलेले पत्ते गोळा केले. जाताना तो मसाजीला रस्त्यापर्यंत घेऊन गेला.

"मसाजी, पोरीला इचार."

"इचारलं. बरं हाय म्हणती."

"तोंडानं इचारलंस. आपुन कधी सौदा तोंडानं केलाय का रे?"

मसाजी परत आला तर रागिणी ओसरीच्या कडेला पाय सोडून बसली होती. उद्या सोमवार. काय निघंल काय माहीत. न विचारावं तर पोरगी उद्या गाडीत बसून जाईल, आणि पुढच्या पंचमीपर्यंत आपण हा गोळा घेऊन फिरायचं. तो तिच्या शेजारी बसला. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या मधे पसरलं. लहानपणी ती बाजारात यायचा हट्ट करायची, तेव्हा तिला घरीच बसवून तो असा उपरण्याखाली शेंगांचा सौदा करायचा.

"घाल हात," तो म्हणाला.

"आबा, काय हे!"

"घाल. तोंडानं काय बोलायचं न्हाई. माझ्याकडं बघूबी नको. तिकडं मेंढरं बघ."

तिनं हात घातला. गार होता. मसाजीनं आपला पंजा तिच्या हाताशी उघडा ठेवला.

"नांदनं कसं हाय? झकास आसल तर पाची बोटं धर. जसं आसल तसं धर."

मेंढरं खाकरत होती. मग तिनं त्याची करंगळी धरली. नुसती करंगळी, तीही टोकाला.

मसाजीचं तोंड तसंच राहिलं, ते कसं राहिलं त्यालाच ठाऊक. "मारतो का? व्हय आसल तर पंजा धर."

हात हलला नाही.

"दार लावून कोंडून ठेवतो?"

तिनं पाची बोटं धरली. अशी धरली, की त्याची हाडं दुखली. त्यानं हात सोडवून घेतला नाही. उपरण्याखालचा नेम होता, सौदा मोडायचा तरच हात सोडायचा.

हळूहळू तिनं तोंडानंही सांगितलं, मेंढरांकडं बघत. हनुमान कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जातो. फोन काढून घेतो. आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, उलट येताना मिठाई आणतो. शेजारी कुणी नाही, तिसऱ्या मजल्यावरची दुसरी खोली रिकामीच आहे. "कुनाला सांगू, आबा? कोन खरं मानंल? ते किती गोड बोलतेत. माय तर मलाच रागावंल."

सोमवारी हनुमान आला. पांढरा सदरा, हातात मिठाईचा पुडा आणि सासूला साडी. पाया पडला. ओसरीत बाजेवर बसला. कादरही आला होता, सहज आल्यासारखा. चांगुणाबाई आत चहा टाकत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. रागिणी आतल्या दाराच्या आड उभी होती. काय होतं मसाजीच्या हातात? साक्षीदार नाही, पुरावा नाही, पोरीच्या अंगावर वळ नाही. हा माणूस दोन गोड वाक्यं बोलेल आणि सगळा गाव त्याच्या बाजूला जाईल.

"चला मामा, निघतो आम्ही. आवरलं असेल ना रागिणीचं?"

"रागिणी येत न्हाई," मसाजी म्हणाला.

हनुमान हसला. "का बरं? तब्येत बरी नाही का?"

मसाजीनं त्याच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माल नसताना बोट दाबणार होता.

"पाव्हणं, तुमी कामाला जाताना दाराला भायेरून कुलूप लावता. ते लावताना तुमचा फोटो काढलाय एकानं. आमच्याकडं हाय."

मसाजी त्याचं तोंड बघत होता. कसलं कुलूप, असं हनुमान म्हणाला नाही. काय वेड्यासारखं बोलताय मामा, असंही म्हणाला नाही.

"कुणी काढला?" हनुमान म्हणाला.

तेवढंच. इतके दिवस कुठंतरी आशा होती, की पोरीचाच काही गैरसमज असेल. ती आशा गेली.

कादरनं खिशातून आपला फोन काढला आणि बाजेवर पालथा ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या फोनचा कॅमेरा मागच्या वर्षीच फुटला होता.

हनुमान फोनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दाखवा."

संपलं, मसाजीला वाटलं. त्यानं उपरणं मांडीवरच्या हातांवर ओढून घेतलं. हात कापतोय हे बोंबलून सांगणारी चांगुणाबाई अजून चुलीपाशीच होती, नशीब.

"दाखवतो की," तो म्हणाला, आवाज बाजारातला. "पण तुमाला एकट्याला न्हाई. तुमच्या आईबापाला बलवू, ठाण्यातून मानूस बलवू, समद्यांच्या म्होरं दाखवू. लावा फोन तुमच्या वडलाला. आत्ता लावा. आमाला घाई न्हाई."

हनुमाननं फोन लावला नाही. त्यानं बाजेची दोरी बोटानं उचकटायला सुरुवात केली. कादर पावसाकडं बघत होता, सौदा अडला की गिऱ्हाईक दुसऱ्याच मेंढरांकडं बघतं तसा.

"राहू द्या मग तिला इथं," शेवटी हनुमान म्हणाला. "थोडे दिवस. मी काही जबरदस्ती करत नाही."

"आन् तिचा फोन ठिवून जावा."

चांगुणाबाई नेमकी चहाचे कप घेऊन बाहेर आली. "अवो, फोन तर दुरुस्तीला..." म्हणता म्हणता तिनं बघितलं. हनुमाननं सदऱ्याच्या खिशात हात घातला, लेकीचा फोन काढला आणि बाजेवर ठेवला. चहा न घेताच तो उठला. गाडी सुरू होऊन रस्त्याला लागेपर्यंत ओसरीत कुणी हललं नाही. चांगुणाबाई ताटली धरून उभीच होती. चहावर साय आली.

"मसाजी," कादर हळूच म्हणाला, "हातात काय व्हतं रे?"

"दुर्री-सत्ती," मसाजी म्हणाला, आणि त्याला मोठ्यानं रडू फुटलं. पुसेगावच्या बाजारात हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

रागिणी बाहेर येऊन त्याच्या पायाशी बसली. भीती काही सरली नव्हती. तो परत येईल, चार माणसं घेऊन येईल, गाव नावं ठेवील, मसाजीला ते सगळं दिसत होतं. त्या धाकात दिवस बुडाला. वारा सुटला. चांगुणाबाई सवयीनं उठली आणि दाराची कडी घालायला गेली. तिनं कडीला हात लावला आणि तशीच थांबली. दुपारी रागिणीनं तिला सगळं सांगितलं होतं.

मग ती चुलीपाशी गेली, पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि उघड्या दाराला टेकवून ठेवला, वाऱ्यानं लागू नये म्हणून. त्या रात्री मेंढरांतलं एक कोकरू आत येऊन रागिणीच्या अंथरुणाशी निजलं. त्याला कुणी हाकललं नाही.